अब्बांचा रेडिओ आणि चाचांचे खण

कोल्हापुरात काय मिळत नाही? चप्पल मिळते, गूळ मिळतो, हुपरीची चांदी मिळते. शिवाजी उद्यमनगरात एखाद्या मशीनचं झिजलेलं गिअर नेऊन दाखवा, दोन-चार दिवसांत तसंच नवं घडवून देणारा कारागीर भेटतो. पण गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमचा भाचा एक चिठ्ठी घेऊन शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी अशी सात दुकानं फिरला आणि सातही ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळालं, "ते आता येत नाही."

चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. 'एसी १२७ आणि एसी १२८, एकेक नग' ही पहिली. 'दोन बँडच्या रेडिओचा गँग' ही दुसरी.

रेडिओ आमच्या अब्बांचा. अब्बांचा इंतकाल होऊन सहा वर्षं झाली. त्यांचा लाकडी पेटीचा ट्रान्झिस्टर तेव्हापासून कपाटावर होता, अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला. सोबत लायसन्सचं पुस्तक. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण एके काळी रेडिओ ऐकायलाही परवाना लागायचा आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागायचा. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स शाखेत. अम्मीनं एक दिवस त्याला एवढंच विचारलं, "तुमच्या कॉलेजात हे शिकवतात ना रे? मग तुझ्या नानांचा आवाज एकदा लागतो का बघ." नानांचा आवाज म्हणजे रेडिओचा. आमच्या घरात तो एकच होता. फजरनंतर सुरू व्हायचा आणि अब्बा दुकानाला निघेपर्यंत चालायचा.

पोरानं पेटी उघडली. आवाज येत होता, पण फाटका आणि अगदी हळू. शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरपैकी एक गेलेला आणि दुसरा तापलेला. शिवाय स्टेशन लावायचं बटण फिरवलं की अर्ध्या वाटेवर खरखर व्हायची आणि सगळंच बंद पडायचं. तिथून ती चिठ्ठी आली.

ज्यांना या वस्तूंची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रान्झिस्टर हा तीन पायांचा छोटा भाग. बारीक विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडतो, म्हणून कमी आवाज मोठा होतो. अब्बांच्या रेडिओतले ट्रान्झिस्टर जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थाचे. जगातला पहिला ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत झाला तोही जर्मेनियमचाच. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानं १९६२ पासून ते बनवायला घेतले, आणि त्या काळच्या भारतीय रेडिओंत एसी १२७ आणि एसी १२८ ही जोडी घरोघरी पोचली. पुढे सिलिकॉन आलं. ते उष्णता जास्त सोसतं आणि स्वस्तात बनतं, त्यामुळे जर्मेनियमचे कारखाने एकेक करून बंद झाले. आज बाजारात जे आहे तो जुना साठा, आणि साठा म्हटल्यावर तो कधीतरी संपतोच.

गँग म्हणजे स्टेशन बदलणारा कंडेन्सर. पातळ पत्र्याच्या पात्यांचे दोन संच असतात. एक जागेवर स्थिर, दुसरा बटणाबरोबर फिरतो आणि पहिल्याच्या फटींतून न चिकटता आत-बाहेर जातो. पाती जितकी आत, तितकं स्टेशन डायलच्या एका टोकाकडे. डायलवर अब्बांनी अम्मीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावून ठेवला होता. ते सांगली केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ.

सातही दुकानदारांचा आम्हाला राग नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. दुकानात जो माल रोज खपतो तोच ठेवायचा: मोबाइलचे चार्जर, एलईडी बल्बचे ड्रायव्हर, रिमोट, सेट-टॉप बॉक्सचे ॲडॉप्टर. हौशी पोरगं येतं, अर्धा तास डोकं खातं आणि दोन रुपयांचा एक रेझिस्टन्स घेऊन जातं. त्याच्यासाठी कोण चारशे प्रकारचे डबे भरून ठेवील? कोल्हापूरची भूक वेगळी आहे. इथं फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना लागणारा कॉन्टॅक्टर, रिले, सेन्सर मागा, तासाभरात मिळतो. रेडिओचा गँग मात्र कुठल्याच कारखान्याला नको आहे.

मग भाच्यानं हल्लीची वाट धरली, मोबाइलवरून मागवलं. दोन ट्रान्झिस्टरचे साडेचारशे रुपये आणि वर कुरिअरचे ऐंशी. कोणाकडून ते सांगत नाही. आठवड्यानं पुडी आली. धातूची टोपी, त्यावर सुबक अक्षरांत नंबर. पोरगं खुश. पण सोल्डर करण्याआधी त्याला त्याच्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. मीटर डायोडच्या खुणेवर लावायचा आणि ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये मोजायचं. जर्मेनियम असेल तर आकडा शून्य पॉइंट दोन-तीनच्या आसपास येतो. सिलिकॉन असेल तर शून्य पॉइंट सहा-सात. त्याच्या मीटरवर आलं शून्य पॉइंट सहा चार. आपाच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून टोपी पुसली, तर नंबर कापसावर आला आणि खाली दुसराच पुसट आकडा दिसला. कुठलेतरी चार-पाच रुपयांचे ट्रान्झिस्टर नवा शिक्का मारून पाठवले होते.

पैसे परत आले नाहीत. "खूण तपासण्यासाठी शिक्का पुसला, म्हणजे माल वापरला" असं उत्तर आलं. आपा म्हणाली, "सोड रे, एवढ्यात नवा रेडिओ आला असता." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पोराच्या डोक्यात आता रेडिओपेक्षा फसवणूक जास्त बसली होती.

ही नकली मालाची गोष्ट फक्त जुन्या रेडिओपुरती नाही. २०२१ च्या सुमारास जगभर आयसीची टंचाई पडली, मोटारींचे कारखाने थांबले. तेव्हा मुलांच्या प्रोजेक्टमधला साधा एटमेगा ३२८ हा आयसीसुद्धा मिळेना, मिळाला तर महाग, आणि महाग मिळालेल्यांत नकलीही निघायचे. त्याआधी हौशी मुलं चीनमधून थेट माल मागवायची. महिना-महिना वाट पाहावी लागे, पण पाच रुपयांची वस्तू पाच रुपयांनाच मिळे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं अलीएक्स्प्रेसवर बंदी आणली आणि ती सोयही गेली. आता देशातल्या देशात विकणाऱ्या कंपन्या आहेत, काही पुण्यातच आहेत, आणि चालू मालासाठी त्या चांगल्या आहेत. फक्त तीस रुपयांच्या मालाला साठ रुपयांचं कुरिअर पडतं. यावर भाच्याच्या वर्गानं काढलेला उपाय आम्हाला आवडला. आठ-दहा मुलं महिनाभर वहीत याद्या लिहितात आणि पहिल्या तारखेला मिळून एकच ऑर्डर टाकतात.

डिसेंबरात आम्ही त्याला मुंबईला घेऊन गेलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी दादरला उतरलो आणि पश्चिमेच्या लोकलनं ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये 'शोले' पाच वर्षं चालला. अब्बा सांगायचे, ते 'शोले' बघायला म्हणून मुंबईला गेले आणि येताना रेडिओच्या सेलची पेटी घेऊन आले. अम्मीला सेलची पेटी आठवते, 'शोले' आठवत नाही.

तिथं जायचं तर रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकानं बंद असतात. सकाळी लवकर पोचूनही उपयोग नाही. काउंटरवर वस्तूचं नाव सांगून चालत नाही, नंबर सांगावा लागतो. भाच्यानं एका दुकानात 'आवाज वाढवणारा आयसी' म्हटलं, तर मागच्या गिऱ्हाइकानं त्याला बाजूला सारलं. 'एलएम ३८६' म्हटल्याबरोबर पुडी समोर आली. दुसरी अडचण संख्येची. "किती हजार?" असं एकानं विचारलं तेव्हा आमचा भाचा "एक" म्हणाला. तो समजला, एक हजार. असं सगळं असलं तरी त्या रस्त्यावर पोराचे डोळे जसे चमकले तसे ते मॉलमध्ये कधी चमकले नव्हते. एकाच जिन्यात रिले, मोटारी, सेन्सर, वायर, काय पाहिजे ते. पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत याचाच छोटा अवतार आहे आणि कोल्हापूरकराला तो जवळ पडतो. दिल्लीत लजपतराय मार्केट, बंगळुरात एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. टोकियोचं अकिहाबारासुद्धा महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या टपऱ्यांतूनच वाढलं.

पण एसी १२८ तिथंही नव्हता. एका वयस्कर दुकानदारानं आठवून सांगितलं की शेवटचं पाकीट गिटारवाल्या पोरांनी नेलं. हे आम्हाला नवीन होतं. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेटीला जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर लागतो म्हणे, आणि ती मंडळी मागाल तो भाव देतात. म्हणजे अब्बांच्या रेडिओत जो फाटका आवाज आम्हाला नको होता, तोच मिळवण्यासाठी कोणीतरी आमचे ट्रान्झिस्टर घेऊन गेलं होतं.

दुपारी आम्ही चोर बाजारात, मटण स्ट्रीटला गेलो. तिथं जुने रेडिओ आहेत, भरपूर आहेत. पण ते आता हॉटेलांच्या आणि शूटिंगच्या सजावटीसाठी विकले जातात. आम्ही आतला एक भाग मागितला तर दुकानदार हसला. "रेडिओ चालू नसला तरी चालतो, पण पेटी रिकामी वाजता कामा नये," म्हणाला. रात्रीच्या गाडीनं परत आलो. हातात एलएम ३८६ चे पाच नग, मुलांच्या यादीतला बाकीचा किरकोळ माल आणि एक प्लास्टिकचा टू-जे गँग, जो अब्बांच्या पेटीत बसणारच नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते पुढे घडलं. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर आम्ही ही हकिकत सांगत होतो. एक जण म्हणाले, "व्हीनस कॉर्नरजवळच्या चाचांना विचारलंत का?" चाचांना आम्ही लहानपणापासून ओळखतो. अब्बांचा हाच रेडिओ त्यांनी दोनदा दुरुस्त केलेला. पण दुकानाचं शटर बरीच वर्षं बंद दिसायचं, त्यामुळे ते हयात आहेत हेही आम्ही विसरलो होतो. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

चाचांचं वय आता ऐंशीच्या घरात. मूळचे कागलकडचे. शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम समाजाच्या मुलांसाठी सुरू केलेल्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले आणि एका रेडिओवाल्याकडे पाणी भरता भरता काम शिकले. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक १९६९ साली दिल्लीहून निघू लागलं, त्याचे अंक त्यांनी इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. त्यांच्या मुलानं शटर वर केलं. आत भिंतभर खण. लाकडाचे, पत्र्याचे, बिस्किटाच्या डब्यांचे, औषधाच्या खोक्यांचे. आम्ही मोजले, एकशे बारा.

भाच्यानं रेडिओ पुढं ठेवला. "ट्रान्झिस्टर गेलेत आणि गँग पण गेलाय, चाचा."

"गँग गेला कुणी सांगितलं?"

"खरखरतो."

"खरखरतो म्हंजे मेला व्हय? म्हातारा खोकला की लगेच दफन करायला न्हेतोस काय रं?"

त्यांनी गँग बल्बच्या उजेडासमोर धरला आणि बटण हळूहळू फिरवलं. डोळे अधू झालेत, पण फटीतून येणारा उजेड त्यांना दिसतो. एका जागी उजेड तुटला. तिथं दोन पाती एकमेकांना टेकत होती. कपाटावरून काढताना-ठेवताना पेटी कधीतरी आपटली असणार. चाचांनी दाढीच्या पात्याचा तुकडा फटीत सरकवून ते पातं केसभर सरळ केलं, ब्रशनं धूळ काढली, फिरवून पुन्हा उजेडात बघितलं. पाच मिनिटं लागली. ज्या गँगसाठी आम्ही सात दुकानं आणि मुंबई केली, तो बिघडलेलाच नव्हता.

ट्रान्झिस्टर मात्र खरंच मेले होते. "एकशे अठ्ठावीस माझ्याकडं बी न्हाई," चाचा म्हणाले, "पर त्याचा थोरला भाऊ असंल." आणि खणांकडे बघून गप्प झाले. का, ते आम्हाला थोड्या वेळानं कळलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर पाण्याखाली होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा नदी ५५ फुटांच्या वर गेली. दुकानातले खालचे सगळे खण बुडाले. माल बराचसा वाचला, कारण ट्रान्झिस्टर पाण्यानं लगेच मरत नाही. पण खणांवर चिकटवलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या. शेजाऱ्यांनी मदत म्हणून जे हाताला लागेल ते जमेल त्या डब्यात भरलं. पन्नास वर्षांत लावलेली शिस्त दोन पुरांत मोडली आणि त्यानंतर चाचांनी शटर फारसं उघडलं नाही.

तासभर शोधून एका च्यवनप्राशाच्या डब्यात एसी १८७ आणि एसी १८८ सापडले. ही जोडी जास्त ताकदीची, म्हणून थोरला भाऊ. चाचांनी दहा-बारा नग मीटरवर मोजून त्यांतले एकमेकांशी जुळणारे दोन निवडले आणि पाय कोणता कुठला ते भाच्याकडूनच शोधवून घेतलं.

त्या दुपारी त्यांनी बदली भागांबद्दल जे सांगितलं ते आम्ही लिहून घेतलं, कारण कुठल्याही घरातल्या मुलाला ते उपयोगी पडेल. ट्रान्झिस्टर बदलताना तो वरच्या ताकदीचा चालतो, खालच्या ताकदीचा नाही, आणि जात तीच लागते. एनपीएनच्या जागी पीएनपी बसत नाही. कंडेन्सरवर लिहिलेले व्होल्ट जास्त चालतात, कमी कधीच नाही. नंबर जुळला म्हणजे पाय जुळले असं समजायचं नाही. दोन एन ३९०४ च्या जागी आपल्याकडे सहज मिळणारा बीसी ५४७ बऱ्याच कामांत चालतो, पण दोघांची सपाट बाजू समोर धरली तर एमिटर आणि कलेक्टर उलट्या बाजूंना असतात. तसाच बसवला की मुलं म्हणतात माल खराब निघाला. आणि भिंतीतल्या विजेशी थेट जोडलेल्या भागात बदली नकोच. तिथं फ्यूज त्याच ॲम्पिअरचा, आणि एक्स-टू छापलेल्या कंडेन्सरच्या जागी एक्स-टूच. न मिळाल्यास वस्तू बंद राहू दे, असं चाचांचं म्हणणं.

रेडिओला आणखी एक दुखणं निघालं. आतल्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेल्या तारेचं एक टोक तुटून आखूड झालं होतं. ही केसासारखी इनॅमलची तार आता कुठं शोधायची, असा विचार करत असताना चाचा म्हणाले, "मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं जा की." कोल्हापुरात शेतीपंपाच्या मोटारी जळतात आणि त्या गुंडाळून देणारे कारागीर पावलोपावली आहेत, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्यमनगरातल्या एकानं गेज लावून जाडी बघितली आणि रिळाच्या शेवटी उरलेली हातभर तार अशीच देऊन टाकली. हौशी मुलांच्या पालकांना आम्ही सांगू, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाआधी हे फिरा: रिवाइंडिंगवाला, भंगारवाला, आणि स्पीकरचे पडदे बदलून देणारा. बिघडलेल्या सीएफएल बल्बच्या बुडात चांगले ट्रान्झिस्टर आणि डायोड निघतात, जुन्या प्रिंटरमध्ये मोटार. पण सीएफएलची काचेची नळी फुटू द्यायची नाही, त्यात पारा असतो. आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला मुलांनी एकट्यानं हात लावायचा नाही. वायर काढून ठेवली तरी आतला मोठा कंडेन्सर काही वेळ जीवघेणी वीज धरून राहतो.

निघताना चाचांच्या मुलानं आम्हाला बाहेर गाठलं. "भाई, तुम्हाला जे पाहिजे ते न्या. महिन्याअखेर दुकान रिकामं करायचंय." मोबाइल कव्हरवाल्याला भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. भंगारवाला येऊन बघून गेला होता. हा मुलगा काही बेपर्वा नाही. त्याच्या मुलीनं नर्सिंगला प्रवेश घेतलाय, तिची फी भरायची आहे, आणि बंद शटरातून ती निघत नाही. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "त्याचं बराबर हाय." पुढं काही बोलले नाहीत.

तीन रविवार हातात होते. भाचा, त्याचे दोन मित्र आणि आपाची धाकटी, जी नववीत आहे. ती चिमुरडी सगळ्यांत उपयोगी ठरली. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे वाचायला ती अर्ध्या तासात शिकली: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा किती शून्यं. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार ओहम. मुलं मीटर लावून मोजेपर्यंत ती बघून सांगायची आणि चुकायची नाही. ट्रान्झिस्टरच्या टोपीवरचे नंबर पुसट झालेले; ते चाचा टोपी तिरपी धरून, कधी नुसत्या बोटानं चाचपून सांगायचे. एकदा त्यांनी सांगितलेला नंबर मीटरशी जुळेना. तेव्हा ते बराच वेळ तो नग हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "पोराचं बराबर. हा सिलिकॉनचा हाय." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

सगळं वाचलं नाही. पहिल्या रविवारी आम्ही फार नीटनेटकेपणा केला, एकेका नगाला वेगळी पुडी, आणि संध्याकाळपर्यंत नऊच खण झाले. दुसऱ्या रविवारी पुड्या सोडून नुसती विभागणी केली. तिसऱ्या रविवारी भाच्याच्या एका मित्राची परीक्षा होती, तो आला नाही. शेवटी एकशे बारापैकी एकाहत्तर खण झाले. गंजलेले ट्रान्सफॉर्मर, फुटके व्हॉल्व्ह, ओळख न पटलेल्या कॉइली आणि आम्ही न पोचलेले एक्केचाळीस खण भंगारवाल्यानं काट्यावर टाकले. ३८ किलो भरले. त्यात काय होतं ते कोणालाच माहीत नाही. चाचा त्या दिवशी दुकानात आले नाहीत.

एकाहत्तर खणांचा माल आता आमच्या वरच्या खोलीत आहे, बिस्किटांच्या आणि मिठाईच्या डब्यांत. या वेळी चिठ्ठ्या शाईच्या नाहीत, पेन्सिलीच्या आहेत, आणि डब्याच्या आतही एक टाकली आहे. पेन्सिल पाण्यात पसरत नाही हे चाचांनीच सांगितलं. विकायचं काही ठरवलेलं नाही. ज्याला लागेल त्यानं यावं, न्यावं, आणि जमल्यास आपल्याकडचं एखादं जास्तीचं काही ठेवून जावं, एवढंच भाच्यानं डब्यांवर लिहिलंय. आपाला वाटतं पंधरा दिवसांत डबे रिकामे होतील. बघू.

रेडिओ चालू झाला. दिवसा फार काही लागत नाही. पण मीडियम वेव्ह रात्री लांबवर पोचते, म्हणून इशानंतर अम्मी तो मांडीवर घेऊन बसते आणि बटण सावकाश फिरवते. परवा दूरचं कुठलंतरी केंद्र लागलं, लाटेसारखं जवळ यायचं, लांब जायचं. भाषा आम्हाला कळली नाही. अम्मीनं लाल ठिपक्यापर्यंत काटा नेला, थोडं थांबली आणि परत त्या परक्या केंद्रावर आणून ठेवला.

गेल्या रविवारी इचलकरंजीचा एक मुलगा आला होता. त्याला रेडिओचा आयएफटी पाहिजे होता, जो पितळी डबीसारखा असतो आणि ज्याच्या डोक्यावरच्या रंगावरून त्याची जागा ठरते. चाचा आमच्याकडेच होते, खिडकीजवळच्या खुर्चीत. भाची डबा घेऊन आली.

"काळा देऊ नको त्याला," चाचा न बघताच म्हणाले. "पयल्या जागी पिवळा लागतो. पिवळा बघ."